भेटीसाठी मण्यांची माळ आणि ब्रेसलेट: मापापासून टोकापर्यंत

घरी ओवलेली माळ मधोमध क्वचितच तुटते. ती सुटते हुकाजवळ. तरीही बहुतेकांचा सगळा वेळ मण्यांचे रंग जुळवण्यात जातो आणि टोके शेवटी घाईघाईने दाबून टाकली जातात. स्वतःसाठी केलेली माळ बिघडली तर ती उसवून पुन्हा ओवता येते, परंतु भेट दिलेली माळ आखूड झाली किंवा सुटली तर घेणारी व्यक्ती संकोचाने काही बोलत नाही आणि दागिना डब्यात पडून राहतो. म्हणून या लेखात ओवण्यापेक्षा ओवण्यापूर्वीच्या तयारीला आणि टोके बंद करण्याच्या कृतीला अधिक जागा दिली आहे. उदाहरणादाखल ६ मिमी मण्यांची १८ इंची एकपदरी माळ आणि ८ मिमी मण्यांचे इलॅस्टिकचे ब्रेसलेट घेतले आहे. मोत्यांची कृती वेगळी असल्यामुळे तिचा टप्पाही स्वतंत्र आहे.

## टप्पा १: मण्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी व्यक्ती ठरवावी

रविवार पेठेत किंवा भुलेश्वरला गेल्यावर मण्यांच्या लडी पाहून हात थांबत नाही, आणि नंतर घरी येऊन ‘हे कोणाला द्यावे’ असा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा असावा. ज्यांना भेट द्यायची आहे त्यांची यादी आधी करावी आणि प्रत्येक नावापुढे वजन, धातू आणि हूक या तीन गोष्टींची नोंद करावी.

वजनाचा अंदाज दुकानात येत नाही, कारण तेथे लड हातात असते, मानेवर नसते. स्फटिकाच्या ८ मिमी मण्यांची १६ इंची लड साधारण ३५ ग्रॅम भरते, तर ६ मिमी मण्यांची तेवढीच लड २० ग्रॅमच्या आसपास राहते. आजीसाठी किंवा मानेचा त्रास असलेल्या मावशीसाठी दगडी मण्यांऐवजी हलके लाकडी मणी किंवा ४ मिमीचे काचमणी घ्यावेत.

धातूच्या बाबतीत निकेलची ॲलर्जी लक्षात घ्यावी लागते. स्वस्त इमिटेशन दागिन्यांच्या हुकांत आणि कड्यांत निकेल असण्याची शक्यता बरीच असते, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या मानेवर खाज व लालसर चट्टे उठतात. ‘तुला खोटे दागिने चालतात का’ एवढा साधा प्रश्न आधी विचारून ठेवला तर पुढचा घोटाळा टळतो. चालत नसतील तर हूक आणि कड्या ९२.५ टक्के चांदीच्या घ्याव्यात. एका माळेला धातू इतका थोडा लागतो की खर्चात फारसा फरक पडत नाही.

हूक निवडताना तो कोण लावणार हे पाहावे. नेहमीचा लॉबस्टर हूक, म्हणजे खटका ओढून उघडायचा हूक, तरुण बोटांना सोपा असला तरी सांधे दुखणाऱ्या हातांना तो मानेमागे लावणे जवळजवळ अशक्य असते. अशा व्यक्तीसाठी मोठा एस हूक किंवा कड्यातून दांडी अडकवण्याचा टॉगल चांगला. लोहचुंबकाचा हूक सर्वांत सोपा असतो, परंतु पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला तो कधीही देऊ नये.

इशारा: बारशाला काळ्या मण्यांच्या मनगट्या देण्याची आपल्याकडे रीत असली तरी घरी ओवलेल्या मनगट्या बाळासाठी करू नयेत. दोरा तुटल्यास सुटा मणी थेट तोंडात जातो आणि घशात अडकू शकतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी मण्यांचा कोणताही दागिना या यादीत नसावा. गुंजांचे मणी तर कोणासाठीच वापरू नयेत, कारण गुंजेचे बी अत्यंत विषारी असते आणि भोक पाडताना त्याचे कठीण कवच फुटल्यामुळे ते अधिक धोकादायक होते.

## टप्पा २: माप, न विचारता आणि न चुकता

माळेचे माप घेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्या व्यक्तीची नेहमीच्या वापरातील माळ किंवा साखळी हुकासकट सरळ ठेवून मोजणे. ते शक्य नसेल तर सर्वसाधारण अंदाज असा: १६ इंची माळ मानेच्या तळाशी बसते, १८ इंची माळ गळ्याच्या हाडाच्या थोडी खाली येते आणि २२ ते २४ इंची माळ छातीवर रुळते. मान भरलेली असेल तर १६ इंची माळ गळ्याला आवळते, म्हणून माप ठाऊक नसेल तेव्हा १८ इंच धरावे आणि मागे दोन इंचांची जादा साखळी जोडावी. या साखळीने मापाच्या निम्म्याअधिक चुका झाकल्या जातात.

ब्रेसलेटच्या मापात मात्र हमखास फसगत होते, आणि तिची कारणे दोन आहेत.

पहिले कारण बांगडीचे माप. वहिनीच्या बांगडीचा नंबर ठाऊक आहे म्हणून त्यावरून ब्रेसलेट करणे चूक आहे. दोन-चारची बांगडी म्हणजे २.४ इंच व्यासाची बांगडी नव्हे. दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास असलेली ती बांगडी असते. तिचा आतला घेर सुमारे १८ सेंमी होतो. शिवाय बांगडी पंजावरून सरकावी लागत असल्याने तिचा घेर पंजाचा अंदाज देतो, मनगटाचा देत नाही. मनगट त्याहून लहान असते. म्हणून कागदाची पट्टी मनगटाच्या हाडाजवळ गुंडाळून, खूण करून, ती फूटपट्टीवर मोजावी.

दुसरे कारण मण्यांची जाडी. मण्यांच्या भोकांतून जाणाऱ्या दोऱ्याचा घेर आणि त्वचेला टेकणारा आतला घेर सारखे नसतात. दोहोंत मण्याच्या व्यासाच्या ३.१४ पट एवढा फरक पडतो. ४ मिमी मण्यांना हा फरक सुमारे १.२५ सेंमी, ६ मिमीला १.९ सेंमी, ८ मिमीला २.५ सेंमी आणि १० मिमीला ३.१ सेंमी येतो. ‘मनगट अधिक अर्धा इंच’ हा सरसकट नियम त्यामुळे बारीक मण्यांना कसाबसा लागू पडतो आणि मोठ्या मण्यांचे ब्रेसलेट हमखास घट्ट होते.

आपल्या उदाहरणात मनगट १५ सेंमी आहे असे धरू. ८ मिमी मण्यांसाठी त्यात २.५ सेंमी मिळवले की १७.५ सेंमी होतात. १७५ मिमीला ८ ने भागल्यास जवळजवळ २२ मणी येतात. थोडे सैल आवडत असेल तर २३ घ्यावेत.

माळेसाठीही असाच हिशेब करावा. १८ इंच म्हणजे सुमारे ४६ सेंमी. त्यातून हूक आणि कड्यांचे अडीच सेंमी वजा केल्यावर साडेत्रेचाळीस सेंमी उरतात, म्हणजे ६ मिमीचे ७२ मणी. बाजारातील लड साधारण १५ ते १६ इंचांची असते आणि तीत ६३ ते ६७ मणी निघतात. एका लडीत १८ इंची माळ होत नाही हे अनेकांना अर्धी माळ ओवल्यावर कळते, आणि आठवड्याने पुन्हा दुकानात गेल्यावर त्याच रंगाची छटा मिळत नाही. एका माळेचे सगळे मणी एकाच वेळी, एकाच घाण्यातले घ्यावेत.

तपासणी: प्रत्येक नावापुढे तयार लांबी, मण्याचा आकार आणि मण्यांची संख्या लिहिली आहे का? नसेल तर खरेदीला जाऊ नये.

## टप्पा ३: सामान

काच आणि दगडी मण्यांसाठी गियर वायर घ्यावी, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप असलेली अनेक बारीक पोलादी तारांची दोरी. साध्या सुती दोऱ्याला किंवा मासे पकडण्याच्या नायलॉनला या मण्यांच्या भोकांच्या धारदार कडा हळूहळू कापतात, हे ध्यानात ठेवावे. गियर वायर ७, १९ आणि ४९ तारांची मिळते. ७ तारांची स्वस्त असते, पण एकदा मुडपली की ती मोड कायमची राहते. १९ किंवा ४९ तारांची माळ गळ्यावर मऊ पडते. ६ मिमी मण्यांना ०.३८ मिमी जाडी पुरते, तर जड माळेला ०.४५ मिमी घ्यावी.

टोके बंद करण्यासाठी गियर लॉक, म्हणजे वायरवर दाबून घट्ट बसवायचे धातूचे बारीक मणी, लागतात. नळीच्या आकाराचे २ मिमीचे लॉक घ्यावेत. पातळ पत्र्याचे गोल लॉक दाबताच चिरतात आणि ते पुढे केव्हातरी दगा देतात. यांखेरीज हूक, कड्या, जादा साखळी, सपाट तोंडाच्या दोन पकडी, कटर आणि क्रिंपिंग पक्कड, म्हणजे लॉक दाबण्याची दोन खाचांची पक्कड, एवढे पुरे. क्रिंपिंग पक्कड अनेकजण टाळतात, परंतु सगळ्या खरेदीत तिच्यावर केलेला खर्च मला सर्वांत योग्य वाटतो.

ब्रेसलेटसाठी ०.७ किंवा ०.८ मिमी पारदर्शक इलॅस्टिक घ्यावे. मणी मांडण्यासाठी महागडा खाचांचा ट्रे हवाच असे नाही. जाड टॉवेलची घडी आणि तिच्या कडेला टेप पुरते, कारण टॉवेलवर मणी घरंगळत नाहीत.

## टप्पा ४: ओवण्यापूर्वी मणी तपासावेत

प्रत्येक लडीतील एक मणी काढून घ्यावा, ओल्या पांढऱ्या कापडाने जोरात घासावा आणि नंतर रात्रभर मिठाच्या कोमट पाण्यात ठेवावा. घामाने जे होणार आहे ते या पाण्यात सकाळपर्यंत दिसते. रंग सुटला तर ती लड त्वचेला टेकणाऱ्या दागिन्यासाठी वापरू नये, कारण पांढऱ्या कुडत्याच्या गळ्यावर उमटलेला निळा डाग कोणीही विसरत नाही.

पिरोजा म्हणून मिळणारा स्वस्त दगड अनेकदा रंगवलेला हॉवलाइट नावाचा पांढरा दगड असतो. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढण्याचे द्रव घेऊन एक मणी पुसल्यास बोळा निळा होतो का ते पाहावे. झाला तरी मणी टाकून द्यायचे कारण नाही, फक्त पिरोजा म्हणून ते कोणाला देऊ नयेत. हे द्रव मोत्यांना, प्लॅस्टिकला आणि मोत्यासारखा लेप दिलेल्या काचेला लावू नये.

मग सगळ्या मण्यांच्या भोकांतून वायर घालून पाहावी. ज्यांच्या भोकाची कड तुटलेली आहे किंवा भोक तिरके आहे ते मणी वेगळे काढावेत. शंभरात चार-पाच असे निघतात हे गृहीत धरूनच मणी जास्त घ्यावेत.

## टप्पा ५: मांडणी मध्यापासून

मधला मणी किंवा पदक टॉवेलवर ठेवून दोन्ही बाजूंना सारखे मणी मांडत जावे. एका टोकापासून सुरुवात केल्यास मध्य कधीच मध्यावर येत नाही. मांडणी दिवसाच्या उजेडात करावी; पिवळ्या दिव्याखाली निळा आणि जांभळा वेगळे ओळखू येत नाहीत.

माळेत ८ मिमी किंवा त्याहून मोठे मणी सलग ठेवू नयेत. दोन मोठ्या मण्यांमध्ये २ ते ३ मिमीचा एक बारीक काचमणी घातल्यास माळ वळते, मण्यांच्या कडा एकमेकींवर घासत नाहीत आणि मोठे मणीही कमी लागतात. हे बारीक मणी लांबीच्या हिशेबात धरायला मात्र विसरू नये.

तपासणी: मांडलेल्या ओळीची लांबी टेपने मोजावी आणि टप्पा २ मधील आकड्याशी ताडून पाहावी.

## टप्पा ६: पहिले टोक

1. तयार लांबीत २० सेंमी मिळवून वायर कापावी. आपल्या माळेसाठी ६६ सेंमी. वायर वाचवण्यासाठी येथे काटकसर केली तर दुसरे टोक बंद करताना पकडीला जागा उरत नाही.
2. वायरमध्ये एक गियर लॉक ओवावा, मग हुकाची कडी ओवावी, आणि वायरचे टोक परत त्याच लॉकमधून उलटे घ्यावे. शेपूट सुमारे ४ सेंमी ठेवावी.
3. लॉक कडीकडे सरकवावा, पण अगदी टेकवू नये. वायरचा फास इतका मोकळा असावा की कडी त्यात सहज हलेल. फास आवळलेला राहिला तर प्रत्येक हालचालीला वायर एकाच जागी घासते आणि माळ नेमकी तेथेच तुटते.
4. लॉकच्या आत वायरचे दोन्ही पदर शेजारी-शेजारी आहेत, एकमेकांवर चढलेले नाहीत, हे पाहावे. क्रिंपिंग पकडीच्या मुठीकडील खाचेत लॉक धरून दाबावा. मधोमध पन्हळ पडून दोन्ही पदर दोन कप्प्यांत वेगळे होतात.
5. लॉक पाव फेरा फिरवून पकडीच्या टोकाकडील गोल खाचेत धरावा आणि पुन्हा दाबावा. पन्हळ मिटून लॉक गोल, बारीक गुंडाळी होतो.

तपासणी: हूक एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून ठाम ओढावे. वायर केसभरही सरकली तर लॉक पुन्हा दाबत बसू नये. तो कापून टाकावा आणि नव्या लॉकने सुरुवात करावी. पुन्हा पुन्हा दाबलेला पत्रा कमकुवत होतो.

## टप्पा ७: ओवणे आणि दुसरे टोक

पहिले सहा-सात मणी वायर आणि शेपूट या दोहोंवरून ओवावेत म्हणजे शेपूट त्यांच्या आत लपते. त्यानंतर मांडणीतील क्रमाने पुढे जावे. काम मध्येच सोडायचे असेल तर मोकळ्या टोकाला कपड्याचा चिमटा लावावा.

सगळे मणी ओवून झाल्यावर लॉक, जादा साखळीची कडी आणि पुन्हा तोच लॉक असा पहिल्या टोकाचाच क्रम ठेवावा, आणि शेपूट शेवटच्या दोन-तीन मण्यांतून मागे घ्यावी. यानंतर लगेच लॉक दाबणे ही या संपूर्ण कृतीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सरळ रेषेत ताणून बंद केलेली माळ गळ्याभोवती वळवली की मण्यांच्या आतल्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात, माळ ताठ राहते आणि सगळा ताण लॉकवर येतो. म्हणून आधी माळ टेबलावर गळ्याच्या आकारात गोल वळवावी, त्या स्थितीत मण्यांमध्ये एकूण २ ते ३ मिमी मोकळीक राहील एवढी वायर ठेवावी आणि मगच लॉक दाबावा.

शेपूट कापताना कटरचे सपाट तोंड मण्याकडे ठेवावे, आणि मुख्य वायर कटरमध्ये आलेली नाही हे दोनदा पाहावे. बाहेर राहिलेले पोलादी टोक मानेला ओरखडे काढते.

कड्या उघडताना दोन पकडींनी कडीची दोन्ही टोके धरून एक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे असे वळवावे. टोके डावीकडे-उजवीकडे फाकवल्यास कडीचा गोल आकार बिघडतो आणि ती पुन्हा नीट मिटत नाही.

तपासणी: बंद केलेल्या कडीच्या फटीत शिवणाचा दोरा अडकतो का ते पाहावे. अडकत असेल तर वायरही त्यातून निसटेल.

## टप्पा ८: इलॅस्टिकचे ब्रेसलेट

येथे लॉक वापरू नये, कारण दाबलेला पत्रा इलॅस्टिक कापतो. सुमारे ३० सेंमी इलॅस्टिक कापून ते ओवण्यापूर्वी पाच-सहा वेळा चांगले ताणावे. हे न केल्यास ते नंतर वापरात ताणले जाते आणि पंधरा दिवसांत मण्यांमध्ये फटी दिसू लागतात.

बावीस मणी ओवल्यावर, ज्याचे भोक सर्वांत मोठे आहे असा मणी गाठीच्या शेजारी येईल अशी व्यवस्था करावी. पहिल्या गाठीत इलॅस्टिक एकदा न गुंडाळता दोनदा गुंडाळावे, ताणून आवळावे आणि वर दुसरी गाठ उलट दिशेने मारावी. गाठीवर लवचीक राहणाऱ्या दागिन्यांच्या गोंदाचा एक थेंब द्यावा, तो रात्रभर वाळू द्यावा आणि मग टोके ३ मिमी ठेवून कापून गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्यावी.

इशारा: क्षणात चिकटणारा गोंद वापरू नये. तो इलॅस्टिकला कडक आणि ठिसूळ करतो, आणि ब्रेसलेट गाठीच्या अगदी शेजारी तुटते.

## टप्पा ९: मोती असतील तर

मोती मऊ असतात. एकमेकांवर घासून त्यांची झळाळी जाते. म्हणून ते रेशमी दोऱ्यात प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून ओवतात, आणि या गाठींमुळे दोरा तुटला तरी एखादाच मोती हरवतो. दोरा तयार लांबीच्या दुपटीहून थोडा जास्त घ्यावा, आणि दुहेरी ओवायचा असेल तर त्याच्याही दुप्पट. रेशीम ताणले जाते, म्हणून आदल्या रात्री त्याला हलके वजन बांधून टांगून ठेवावे.

गाठ सैल ठेवावी, तिच्यातून टाचणी घालावी, टाचणीने गाठ मोत्यापर्यंत ढकलावी आणि टाचणी काढता-काढता गाठ आवळावी. गाठींमुळे लांबी किती वाढेल हे अंदाजाने ठरवू नये. आधी दहा मोती गाठींसह ओवून मोजावे आणि त्यावरून हिशेब करावा.

सासूबाईंच्या तन्मण्याचे किंवा आजीच्या चिंचपेटीचे खरे मोती हाताशी आले असतील तर पहिला प्रयोग त्यांच्यावर करू नये. ते पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावेत आणि स्वतःचा सराव काचमोत्यांवर करावा.

## टप्पा १०: देण्यापूर्वीची चाचणी

तयार माळ एक रात्र खिळ्याला टांगून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी घरात काम करताना स्वतः घालावी. केसांत अडकणारे टोक, मानेला टोचणारा लॉक, उलटा फिरणारा हूक हे सगळे टेबलावर दिसत नाही. गळ्यात घातल्यावर लगेच कळते. ब्रेसलेट वीस-पंचवीस वेळा हातातून काढावे-घालावे. दोन्ही नंतर मऊ कोरड्या कापडाने पुसावेत.

गियर वायरची माळ घडी घालून डबीत कोंबू नये, कारण मोड कायम राहते. ती पुठ्ठ्यावर गोल ठेवावी. चांदीचे हूक असतील तर हवाबंद पिशवी चांगली, परंतु मोती हवाबंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नयेत. त्यांना सुती किंवा रेशमी कापडी पिशवी द्यावी. सोबत चिठ्ठीवर दोनच ओळी लिहाव्यात: अत्तर आणि पावडर लावून झाल्यावर दागिना घालावा, अंघोळीपूर्वी काढावा. त्याच पुडीत जादा चार-पाच मणी आणि दोन गियर लॉक ठेवावेत, आणि ब्रेसलेटचे इलॅस्टिक वर्ष-दीड वर्षाने बदलून घ्यावे लागेल, तेव्हा ते आपल्याकडेच आणून द्यावे, असे तोंडी सांगून ठेवावे.